झाडू दिला, आता खुर्चीही द्या!

गल्लीतली नाली तुंबली की आधी कोणाला कळतं? नळ आठ दिवसांनी येणार की दहा, ही बातमी सगळ्यात आधी कोणाकडे असते? खांबावरचा दिवा गेला तर क्लासवरून येणाऱ्या मुलीला आणायला कोपऱ्यापर्यंत कोण जातं? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गल्लीचा कारभार बायकांच्या डोळ्यांसमोर चालतो. पण नाली कुठून काढायची, नळ किती वाजता सोडायचा, दिवा कोणत्या खांबावर लावायचा, हे ठरतं तेव्हा मात्र त्या खोलीत आपण नसतो.

आता कोणी म्हणेल, असं कसं? महाराष्ट्रात २०११ पासून महापालिका आणि नगरपालिकांमध्ये निम्म्या जागा महिलांना आहेत. खरं आहे, आणि ती मोठीच गोष्ट आहे. पण एका प्रभागात हजारो माणसं राहतात. निवडून गेलेली ताई आणि आपला उंबरठा यांच्यात बरंच अंतर असतं. या अंतरात एक पायरी हवी. कोणी तिला मोहल्ला समिती म्हणतं, कोणी कॉलनीची समिती, कोणी महिला मंडळ, कोणी वस्तीचा संघ. नाव काहीही द्या. शेजारच्या वीस-पंचवीस घरांनी एकत्र बसून आपल्या भागाचं ठरवावं आणि महापालिकेने ते ऐकून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ.

ही पायरी लोकांनीच बांधायची असते हे कबूल. पण ती टिकवायला महापालिकेचा हात लागतो. हा हात कधी मिळाला, कधी सुटला आणि त्याने काय फरक पडला, याची उदाहरणं शोधायला आपल्याला फार लांब जायला नको. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतच ती सापडतात.

किल्लारीने शिकवलेला धडा

पहिलं उदाहरण शहरातलं नाही, गावांतलं आहे. पण सरकारने शेजारच्या बायकांना खरोखर काम आणि मान दोन्ही दिले तर काय होतं, हे आपल्या भागात पहिल्यांदा तिथेच दिसलं. म्हणून सुरुवात तिथून करू.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवशी सगळ्या देशाला कळली. सुमारे आठ हजार माणसं गेली. जी गावं पूर्ण जमीनदोस्त झाली, त्यांना नव्या जागी वसवलं गेलं. पण लातूर आणि धाराशिव (तेव्हाचं उस्मानाबाद) जिल्ह्यांतली सुमारे १,३०० गावं अशी होती की घरं पडली नव्हती, पण भिंती तडकल्या होत्या. ती घरं जागच्या जागी दुरुस्त करून मजबूत करायची होती. त्यासाठी सरकारने अनुदान दिलं, इंजिनिअर नेमले. तरी अडचण उरलीच. इंजिनिअरची भाषा गावाला कळेना, आणि गावाची भीती इंजिनिअरला.

मग सरकारने प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लोकसहभागाचं काम सोपवलं. गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या गेल्या. त्यांना नाव मिळालं ‘संवाद सहायक’. यादीत कोणाचं नाव आहे, हप्ता कधी मिळतो, भिंतीच्या कोपऱ्यात काय घालायचं, कशाने घर पुन्हा पडणार नाही, हे या बायका स्वतः शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. काम नीट होतंय का, यावर त्यांनी नजर ठेवली. अधिकाऱ्यांसमोर बसून गावाची अडचण मांडली.

यातला महत्त्वाचा मुद्दा असा. त्या बायका पूर्वीही गावातच होत्या, मंडळंही होती. हळदी-कुंकू, भजन सगळं चालायचं. फरक पडला तो सरकारी कामात त्यांना नेमकी जागा मिळाली म्हणून. शिकवणारं कोणी होतं. विचारायला कोणी होतं. माहिती त्यांच्या हातात होती. आणि त्या बोलतील ते सरकार ऐकेल, असं गावाला दिसत होतं. याच कामातून पुढे बचत गटांचं मोठं जाळं उभं राहिलं. २००१ मध्ये गुजरातेत भूकंप झाला तेव्हा इकडच्या बायका तिथल्या बायकांना धीर द्यायला आणि अनुभव सांगायला कच्छपर्यंत गेल्या!

नांदेडची पहाट

आता शहरात येऊ. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ मध्ये स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाख भरली. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला. त्यासाठी केंद्राच्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातून आणि इतर योजनांतून शहरात मोठा पैसा आला. रस्ते झाले, घाट झाले, घरकुलं झाली. तरीही अनेक वस्त्यांतल्या बायकांना अंधार पडायची किंवा उजाडायच्या आधीची वाट बघावी लागत होती. त्रास बोलायचा नाही आणि पाणीही जपूनच प्यायचं, अशी गत.

२०११ च्या सुमारास, तेव्हाचे आयुक्त निपुण विनायक यांच्या काळात, महापालिकेने वेगळी वाट धरली. संडास बांधून द्यायचे आणि मोकळं व्हायचं, असं न करता वस्तीतल्या लोकांना एकत्र बसवायचं. उघड्यावर बसण्याने काय होतं हे त्यांनीच बघायचं, त्यांनीच ठरवायचं, आणि वस्तीची निगराणी समिती त्यांनीच चालवायची. ही पद्धत खेड्यांत आधी वापरली गेली होती. शहरात ती आणणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या महापालिकांमध्ये नांदेडचं नाव घेतलं जातं.

या कामात बायका पुढे होत्या, आणि का असणार नाहीत? त्रास सगळ्यात जास्त त्यांचाच. पण असं काम आखताना एक गोष्ट विसरून चालत नाही. पहाटे फेऱ्या मारून, शिट्ट्या वाजवून लोकांना उठवणं सोपं असतं. त्यात लाज वाटते ती गरिबालाच, आणि बाईला तर जास्तच. समितीने फक्त शिट्टी वाजवायची असेल तर ती महापालिकेची चौकीदार झाली. समितीने असंही विचारलं पाहिजे की, सार्वजनिक संडासात पाणी का नाही? दार आतून लागतं का? रात्री दिवा असतो का? मैला कुठे जातो? हे प्रश्न विचारण्याचा हक्क असेल तरच ती समिती वस्तीची. नाहीतर ती नुसती सरकारी मोहीम, अधिकारी बदलला की संपणारी.

लातूरची घागर

लातूरची गोष्ट पाण्याची. २०११ मध्ये लातूर नगरपालिकेची महापालिका झाली. त्या वेळच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या पुढे होती. पाच वर्षांत, २०१६ च्या उन्हाळ्यात, मांजरा धरण कोरडं पडलं आणि शहराचे नळ बंद झाले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त लोकांनी जमू नये म्हणून कलम १४४ लागू करावं लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, म्हणजे खेपेला २५ लाख लिटर.

देशभरच्या टीव्हीवर लातूरच्या बायका दिसल्या, त्या घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या. प्रशासनाला भांडणं होऊ नयेत याची काळजी होती, ती चुकीची नव्हती. पण जरा विचार करा. पाण्याजवळ जमणाऱ्या बायका कागदावर ‘जमाव’ ठरल्या! त्याच बायकांचा प्रत्येक गल्लीत एक मान्य गट असता, त्या गटाकडे घरांची यादी असती, आजारी माणूस, बाळंतीण, एकटी म्हातारी कुठल्या घरात आहे याची नोंद असती, तर टँकर आल्यावर पोलीस लागले असते का? पाणी वाढलं नसतं, हे खरं. पण आहे ते वाटायचं कसं, याचं उत्तर गल्लीकडे होतं. ते विचारायची सोय मात्र नव्हती.

लातूरकर हातावर हात ठेवून बसले नव्हते, हेही सांगायला हवं. त्याच वर्षी ‘जलयुक्त लातूर’ या नावाने लोक एकत्र आले, वर्गणी गोळा केली आणि मांजरा नदीतला गाळ काढून पात्र खोल केलं. शहरातल्या लोकांनी मनावर घेतलं तर काय होतं ते दिसलं. आपत्ती आली की माणसं एकत्र येतात. प्रश्न असतो तो नंतरचा. पाऊस पडला, नळ आला, की ती एकजूट कुठे जाते?

मुंबई, पुणे आणि केरळ

ही एकजूट टिकवायचे प्रयोग आपल्या राज्यात झाले आहेत. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमध्ये रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच ओला-सुका वेगळा करून आवरायला घेतला. ते बघून १९९७ पासून मुंबई महापालिकेने प्रगत परिसर व्यवस्थापन, म्हणजे ‘एएलएम’, ही योजनाच केली. गल्लीने गट करायचा, वॉर्ड ऑफिसात नोंदवायचा. वॉर्डातला एक अधिकारी त्या गटासाठी नेमलेला. दर काही दिवसांनी बैठक, त्यात पाणी, रस्ता, कचरा यांच्या तक्रारी थेट मांडायच्या. शेकडो गट उभे राहिले. पण पुढे त्यातले बरेच थंडावले. जिथे वॉर्ड अधिकारी बैठक घेत राहिला तिथे गट चालला. जिथे बैठकच बंद झाली, तिथे लोक म्हणाले, मग आम्ही तरी कशाला रोज राबायचं? बरोबरच आहे ना?

पुण्यात २००६ पासून आणखी एक पाऊल टाकलं गेलं. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातलं छोटं काम नागरिकांनी सुचवायचं. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. फुटपाथ, दिवे, बसथांब्याची शेड, स्वच्छतागृहाची दुरुस्ती अशी पाच लाखांपर्यंतची कामं सुचवता येतील, असं ठरलं. यातही त्रुटी होत्या. माहिती फार थोड्यांपर्यंत पोचायची. पण कल्पना साधी आणि चांगली आहे. गल्लीने काम सुचवायचं, आणि त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेले.

आणि केरळ? तिथे १९९८ मध्ये ‘कुटुंबश्री’ सुरू झाली. दहा-वीस शेजारणींचा गट, वॉर्डातल्या गटांचा मिळून एक संघ, आणि शहराच्या पातळीवर त्यांची संस्था. प्रत्येक पायरीवर निवडणूक होते आणि बायकाच पदाधिकारी असतात. गरिबांसाठीच्या योजना आखताना स्थानिक संस्थेला या बायकांशी बोलावं लागतं.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे असं कधी नव्हतंच. पण होतं! १९९७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सुवर्णजयंती शहरी रोजगार योजनेत कागदावर हेच लिहिलं होतं. वस्तीतल्या बायकांचा शेजार गट, त्यावर शेजार समिती, त्यावर शहराची समूह विकास संस्था. २०१३ मध्ये तिची जागा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने घेतली. त्यात दहा-वीस बचत गट मिळून वस्तीस्तर संघ आणि वर शहरस्तर संघ, अशी रचना आली. गटाला दहा हजार आणि वस्तीस्तर संघाला पन्नास हजार रुपयांचा फिरता निधी होता. ते अभियानही आपली मुदत संपेपर्यंत, म्हणजे २०२४ पर्यंत चाललं. तुमच्यापैकी कितीतरी जणी या गटांत असाल. पण आपल्याला सांगितलं गेलं ते बचतीचं आणि कर्जाचं. वस्तीच्या नालीवर, नळावर बोलायलाही हाच संघ आहे, हे किती जणींच्या कानावर आलं?

कायद्यात आपली जागा आहे

अनेकींना माहीत नसतं, पण कायद्याने आपल्यासाठी दारं ठेवली आहेत. ती ढकलून बघायला हवीत.

पहिलं दार प्रभाग समितीचं. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीप्रमाणे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या असायलाच हव्यात. नांदेड आणि लातूर दोन्ही यात बसतात. या समितीत नगरसेवक आणि त्या भागाचा अधिकारी असतोच. शिवाय त्या भागात समाजकार्य करणाऱ्या संस्थांच्या तीनपर्यंत प्रतिनिधींना नेमता येतं. म्हणजे एखाद्या चांगल्या महिला मंडळाची प्रतिनिधी तिथे बसू शकते. ही नावं कोणाची गेली, कशी ठरली, हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरं दार क्षेत्रसभेचं. गावात ग्रामसभा असते ना, तशी शहरातली सभा. मघाशी ज्या नेहरू अभियानातून नांदेडला पैसा आला असं सांगितलं, त्या अभियानाची एक अट होती, की राज्याने लोकसहभागाचा कायदा करावा. त्यातून २००९ मध्ये महाराष्ट्रात क्षेत्रसभेची तरतूद झाली. जवळजवळच्या काही मतदान केंद्रांचा मिळून एक भाग, आणि त्या भागातले सगळे मतदार सभेचे सदस्य. नगरसेवकाने सभा बोलवायची आणि दोन वर्षांत किमान चार तरी घ्यायच्या. कोणतं काम आधी व्हावं, कोणत्या लाभार्थीचं नाव यादीत हवं, दिवे, नळ, स्वच्छता यात कुठे कमी आहे, हे या सभेने सांगायचं. सभा घेतल्या नाहीत तर नगरसेवकाच्या पदावर गदा येऊ शकते, इतकी ती महत्त्वाची आहे. आता स्वतःलाच विचारा, तुमच्या भागात क्षेत्रसभा झाल्याचं कधी ऐकलंय?

२०२२ मध्ये नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांनी कारभार पाहिला. नगरसेवकच नव्हते, तर क्षेत्रसभा कोण बोलावणार? तेवढी वर्षं लोक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरले. गल्लीचा स्वतःचा मान्य गट असणं किती गरजेचं आहे, हे यावरून कळतं. निवडणुका पुढे जातात, नाली मात्र तुंबायची थांबत नाही.

तिसरं दार पैशाचं. महापालिका असो की नगरपालिका, अंदाजपत्रकातले पाच टक्के महिला आणि बालकल्याणासाठी ठेवायचे असतात. त्यासाठी महिला व बालकल्याण समिती असते. या पैशातून दरवर्षी शिलाई मशीनच वाटायची की मुलींच्या वाटेवरचे दिवे, बाजारातलं महिलांचं स्वच्छतागृह, कामावर जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर करायचं, हे आपण सुचवलं तर पाहिजे.

महापालिकेने एवढं तरी करावं

स्वच्छतेची स्पर्धा आली की महापालिकेला बायका आठवतात. ओला-सुका कचरा वेगळा करा, घंटागाडीत टाका, झाडू घ्या, फेरी काढा. आपण करतोही. घराचं अंगण असो की गल्ली, स्वच्छ असावं असं आपल्यालाच वाटतं. पण कामाला बोलावायचं आणि ठरवताना विसरायचं, हा व्यवहार बरा नाही.

फार मोठ्या मागण्या नाहीत. गल्लीच्या गटांची नोंद घेणारा एक अधिकारी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयात असावा आणि त्याचं नाव, फोन भिंतीवर लिहिलेला असावा. महिन्यातून एक बैठक ठरलेल्या वारी व्हावी, आणि ती दुपारी दोन-तीनच्या सुमारास, म्हणजे बायकांना येता येईल. बसायला महापालिकेच्या शाळेची खोली मिळावी. गटाने लिहून दिलेल्या अर्जाला लिहूनच उत्तर मिळावं, ‘नाही’ असेल तर का नाही तेही. नव्या गटाला अर्ज कसा लिहायचा, अंदाजपत्रक कसं वाचायचं, हे शिकवायला कोणीतरी यावं. आणि छोट्या कामांसाठी थोडा निधी प्रत्येक प्रभागात गल्लीच्या सांगण्यावरून खर्च व्हावा.

पण मार्गदर्शन म्हणजे हुकूम नव्हे. गट कोणाचा, अध्यक्ष कोण, हे महापालिकेने किंवा नगरसेवकाने ठरवायचं नाही. निवडणुकीआधी साड्या वाटायला आणि निवडणुकीनंतर गर्दी जमवायला गट वापरले गेले, की बायकांचा त्यावरचा विश्वास उडतो. एकदा उडाला की परत बसत नाही.

आणि आपण?

मैत्रिणींनो, सगळं दुसऱ्यांवर टाकून भागणार नाही. आपल्या भिशीत, भजनी मंडळात वीस जणी सहज जमतात. त्यातलीच अर्धी संध्याकाळ गल्लीसाठी द्यायला काय हरकत आहे?

सुरुवात एका वहीने करा. गल्लीत घरं किती, नळ किती, दिव्याचे खांब किती, बंद किती, नाली कुठे तुंबते, पाणी कोणत्या वारी किती वाजता येतं. महिनाभर लिहा. ‘आमच्याकडे पाणीच येत नाही’ आणि ‘या महिन्यात चारच वेळा पाणी आलं, तारखा या’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्याला साहेबांना उत्तर द्यावंच लागतं.

सगळ्यांना बोलवा. भाड्याने राहणारी, नुकतीच खेड्यातून आलेली, पलीकडच्या गल्लीतली, वेगळी भाषा बोलणारी, धुणीभांडी करणारी. नांदेडसारख्या शहरात तर मराठी, उर्दू, पंजाबी, तेलुगू सगळं एका पाण्यावर जगतं. नाली जात विचारून तुंबत नाही! ज्यांना बोलावलं नाही त्यांची अडचण वहीत येत नाही, आणि तीच बहुधा सगळ्यात मोठी असते.

अर्ज लेखीच द्या. असा काहीसा:

‘मा. क्षेत्रीय अधिकारी यांस, आमच्या गल्लीत ३४ घरे आहेत. दोन खांबांवरील दिवे तीन आठवड्यांपासून बंद आहेत. नालीचे पाणी सात घरांसमोर साचते. कृपया येत्या पंधरा दिवसांत पाहणी करून दुरुस्ती करावी व पाहणीच्या दिवशी आम्हांस कळवावे. खाली सर्वांच्या सह्या.’

(आकडे अर्थात तुमच्या वहीतले टाका.) दोन प्रती करा. एका प्रतीवर तारखेचा शिक्का, म्हणजे पोच घ्या, आणि ती वहीत चिकटवा. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून विचारा, आमच्या अर्जाचं काय झालं? तीस दिवसांत सांगावं लागतं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. खास महिलांचा लोकशाही दिन जिल्ह्याच्या ठिकाणी तिसऱ्या सोमवारी आणि तालुक्याला चौथ्या सोमवारी. त्यासाठी अर्ज साधारण पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. उदगीर, देगलूर, औसा, निलंगा, मुखेड अशा नगरपालिकांच्या गावांतल्या मैत्रिणींनाही ही वाट मोकळी आहे.

गट कायमचा करायचा असेल तर सात जणी मिळून संस्था म्हणून नोंदवता येते. धर्मादाय कार्यालयात माहिती मिळते. पण नोंदणी नाही म्हणून थांबू नका. वही आणि सह्या असल्या तरी काम सुरू होतं. जबाबदारी मात्र वाटून घ्या. एकीनेच पळायचं आणि बाकीच्यांनी दारातून बघायचं, असं झालं की ती दमते आणि गट संपतो. दर सहा महिन्यांनी वही सांभाळणारी बदला. सुनेलाही एकदा ऑफिसात जाऊ द्या, लिहिता न येणाऱ्या काकूंनाही बोलू द्या. संवाद सहायकही आपल्यासारख्याच बायका होत्या. शिकायला मिळालं आणि त्या शिकल्या.

दोन्ही शहरांत आता नव्याने निवडून आलेले नगरसेवक आहेत, त्यात बायका भरपूर आहेत. त्या घरी येतील, सत्काराला येतील, हळदी-कुंकवालाही येतील. वाण जरूर द्या. आणि त्याच वेळी विचारा, ‘ताई, आपल्या भागाची क्षेत्रसभा कधी घेताय? तारीख सांगा, आम्ही सगळ्या येतो.’ तारीख मिळाली की लगेच वहीत लिहून ठेवा.